एच की हेच

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दचकू नकोस, घरात सगळे हिंडतेफिरते आहेत, माझा डावा गुडघा सोडला तर, आणि तो काही आजचा रुसलेला नाही. फोन असताना ही म्हातारी पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. तर फोनवर तुझे बाबा शेजारी कान देऊन बसतात, आणि तू 'हं आजी, हो आजी' करत तिकडे बोटांनी टकटक दुसरंच काहीतरी काम करत असतेस. मला ऐकू येतं गं, कान अजून शाबूत आहेत. पत्र मात्र वाचावंच लागतं, आणि वाचून चुका काढणं हा तर तुझा धंदा. म्हणून आधी आनंदाची बातमी घे. तू पाठवलेल्या त्या जाडजूड पुस्तकाची दोनशे एकेचाळीस पानं मी वाचली! मी! जिने अठ्ठावन्न वर्षं बसची पाटीसुद्धा शेजारणीला विचारून वाचली, ती. रोज दुपारी भांडी आटोपली की स्वयंपाकघराच्या खिडकीत, बोट ठेवून, चार पानं. कधी पाच. तुझे बाबा म्हणतात, 'आई, पुटपुटू नकोस, मनात वाच.' मनात वाचलं तर मला कसं कळणार मी वाचतेय ते? आणि ऐक, तू आणि तुझ्या कचेरीतल्या सगळ्या शहाण्यांनी मिळून तपासलेल्या पुस्तकात मी एक चूक पकडलीय. पान एकशे सतरा, खालून तिसरी ओळ, 'गिरणी'ची 'गिरीण' झालीय. दोनदा बघितलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. गिरीणच! त्या दिवशी मी चहात साखर एक चमचा जास्तच घातली.

आता दोनशे एकेचाळीसाव्या पानात खूण म्हणून एक कागद घातलाय. खूण म्हणून म्हणजे, लपवलाय म्हण. रविवारी संध्याकाळी तो माझी सही करून परत द्यायचाय. ती झाली की तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याला आणि त्याच्या बायकोला महिनाअखेर दुकान आणि मागची खोली सोडून जावं लागणार. इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्यात, माझी तेवढी राहिलीय, आणि घर माझ्या नावावर असल्यामुळे माझ्यावाचून अडलंय म्हणे. आज गुरुवार. पत्र उद्या सकाळी टाकलं की शनिवारी तुझ्या हातात पडेल, असं पोस्टातली मुलगी म्हणाली. बघ, किती हिशोबाने लिहितेय. पण मला नीट क्रमाने सांगू दे, नाहीतर माझं नेहमीसारखं पाणी कुठून कुठे वाहत जाईल.

तर पुस्तक. ते आयर्लंड नावाच्या देशातलं, शंभर वर्षांपूर्वीचं आहे, हे तुला काय सांगायचं. पण तरी सांगते, कारण तू काना-मात्रा बघत असतेस, गोष्ट बघतेस की नाही देव जाणे. त्यातली नावं काही माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझीच ठेवली. एक बारकी आणि एक तांबडी. तांबडीचे केस तांबडे आहेत, असं प्रत्येक पानावर लिहिलंय, विसरायची सोयच नाही. दोघी जवसाच्या झाडापासून सूत काढायच्या गिरणीत. खोलीभर वाफ, खाली सगळं पाणी, म्हणून बाया अनवाणी, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या. हे वाचलं आणि मला वाटलं, अगं, हा लेखक माझ्या पायांना ओळखतो की काय! मशीनचा आवाज एवढा की ऐकू काही येत नाही, म्हणून त्या ओठांनीच बोलायच्या, आवाज न काढता. संध्याकाळी घंटा झाली की हातात हात घालून पुलापर्यंत जायच्या, आणि पुलावरून बारकी डावीकडे, तांबडी उजवीकडे. कारण दोघींचे धर्म वेगळे.

आता हे वेगळे म्हणजे कसे, तेच मला कळेना. देव एकच, देवाची आई एकच, ग्रंथही एकच. मग भांडण कशाचं? तीन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी खाली चष्मेवाल्याकडे गेले. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता, तेवढंच निमित्त. तो स्क्रू पिळत म्हणाला, 'आजी, तिथे एक बाजू रोमच्या मोठ्या धर्मगुरूला मानते, दुसरी मानत नाही. आणि पुन्हा एकांना आपलं राज्य आपण करायचंय, दुसऱ्यांना राजाच्याच छत्राखाली राहायचंय.' मी म्हटलं, 'म्हणजे भाऊबंदकीच की रे.' म्हणाला, 'अगदी. फक्त बांधाच्या जागी देव.' मग मी विचारलं, की बाबा, कातडी तीच, कपडे तेच, भाषा तीच, मग रस्त्यात आपला कोण आणि त्यांच्यातला कोण ओळखतात कसं? तर त्याला ती गंमत माहीत होती, आणि पुढे पुस्तकात तीच निघाली. इंग्रजी अक्षरांतलं आठवं अक्षर. एका बाजूची मुलं शाळेत त्याला 'एच' म्हणायला शिकतात, दुसऱ्या बाजूची 'हेच'. तेवढ्यावरून ओळखतात. मी म्हटलं, 'बरं आहे की! ज्याला पकडायचं तो स्वतःच सांगतो, हेच, हेच!' अगं, तो एवढा हसला, एवढा हसला, की मागच्या खोलीतून त्याची बायको ओल्या हातांनी बघायला आली काय झालं म्हणून. तिला सांगताना पुन्हा हसला. मीसुद्धा.

हा तोच चष्मेवाला बरं का, ज्याने मला पहिला चष्मा दिला. तू तेव्हा नववीत होतीस. तुझ्या वह्यांवरून मी वाचायला शिकले होते पण अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. त्याने मला तक्त्यासमोर बसवलं. माझ्या आधी एक बाई तपासून गेली होती, तिच्या सगळ्या ओळी मी बाकावर बसून ऐकल्या होत्या. मग काय, माझी पाळी आली तशी मी धडाधडा म्हणून टाकल्या, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. तो उठला, तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला दुसरीच अक्षरं! म्हणाला, 'आजी, अंदाज नको. दिसतं तेवढंच वाचा. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, मी इथे कशाला बसलोय?' मी अशी ओशाळले म्हणून सांगू. तुलाही कधी सांगितलं नाही हे.

तर ते हसणं झालं गेल्या महिन्यात. मग शहराच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी झालं, कुणी कुणाला मारलं, पेपरात रोज वेगळा आकडा, आणि एका आठवड्यात आपल्या जिन्यातली माणसं हळू आवाजात बोलायला लागली. मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी दुधाला खाली उतरले, तर दुकानाची पुढची काच दगडाने फुटलेली. फुटपाथवर चष्मेच चष्मे, दांड्या वर करून, किडे उलटे पडलेले असतात ना, तसे. तो झाडू मारत होता आणि बायको चष्मे उचलून खोक्यात ठेवत होती, एकेक, पुसून. मी खालून दुसऱ्या पायरीवर उभी होते. एवढी सोळा वर्षं ज्याच्या डोळ्यांनी वाचलं, त्याच्याकडे चार पावलं जायचं होतं, बस. नाही गेले. दूध न घेता पिशवी तशीच घेऊन मी वर आले आणि तुझ्या आईला सांगितलं, दूध संपलं होतं. खोटं बोलले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दुधावरून खोटं.

दोन दिवसांनी गच्चीवाले काका आले. आपले सेक्रेटरी गं, गच्चीची किल्ली कमरेला लावून फिरतात ते. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, अगदी सख्ख्या भावासारखी. मग म्हणाले, 'मावशी, त्याच्याच भल्यासाठी आहे हो. इथे उद्या काही कमीजास्त झालं तर त्यालाच त्रास. त्यांच्यातल्यांमध्ये राहिला तर सुखी राहील.' आणि कागद पुढे करून खिशातून काय काढावं? शाईचा डबा! तो पत्र्याचा, आत निळी गादी असते तो. म्हणाले, 'तुम्हाला वाचायचा कशाला त्रास, अंगठा चालेल.' खारूताई, तो डबा उघडल्याबरोबर जो वास आला ना, मी अंगठा पदरात लपवला. का लपवला ते सांगते पुढे. तेव्हा मी एवढंच म्हटलं, 'मला सही येते. चष्मा सापडत नाहीये, सापडला की करते.' चष्मा माझ्या कपाळावर होता. त्यांनी कपाळाकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते म्हणाले, 'पुढच्या रविवारपर्यंत शोधा.' गोड आवाजात म्हणाले. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघते. बेल वाजली की आधी पुस्तक उशीखाली. तुझी आई म्हणते, आई, तुम्हाला झालंय काय?

तुझ्या बाबांवर रागावू नकोस. तो वाईट नाही, तो घाबरलाय. लहानपणी वीज चमकली की माझ्या पदरात तोंड खुपसायचा, तेच तोंड झालंय आता. कामावर, नळखात्यात, कुणीतरी त्याला विचारलं म्हणे, 'तुमच्या इमारतीत अजून राहतो का तो?' त्याच शुक्रवारी जेवताना म्हणाला, 'आई, आपण एकटे पडू. जिन्यात माझ्याशी बोलणं बंद केलंय लोकांनी. एका सहीचा प्रश्न आहे, तुला काय जातं?' मी म्हटलं, 'वाचते आणि सांगते.' तर ताटावरून उठून म्हणाला, 'वाचण्यासारखं काय आहे त्यात!' आणि मी कागद वाचायच्या ऐवजी पुस्तक वाचत बसले. भित्री. वाटलं, गोष्टीत काय होतं ते कळलं तर मला सुचेल.

गोष्टीत काय झालं ते ऐक, पान दोनशे अडतीसपासून. भर दुपारी गिरणीच्या फाटकाशी माणसं काठ्या घेऊन उभी राहतात. आत जायचं तर प्रत्येक बाईने अक्षरं म्हणून दाखवायची. आठव्या अक्षराला सगळे कान टवकारतात. बारकीला हे आधी कळलेलं असतं, म्हणून आठवडाभर तिने तांबडीला शिकवलेलं असतं, मशीनच्या आवाजात, ओठांनी, 'एच, एच, एच.' तांबडी तिच्या ओठांकडे बघून बघून शिकते. मी वाचता वाचता ओरडले, अगं बायांनो, असं नाही शिकता येत! आरशासमोर जा आणि करून बघ. आवाज न काढता एकदा 'एच' म्हण आणि एकदा 'हेच' म्हण. ओठ अगदी सारखे हलतात. 'ह' ओठांत नसतोच, तो श्वासात असतो. ऐकल्याशिवाय कळायचाच नाही. मी तीनदा करून बघितलं, तुझे बाबा दाढी करायला आले तेव्हा मी आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करत उभी! तर तांबडी फाटकाशी जाते, सगळी अक्षरं बिनचूक म्हणते, आणि आठव्याला म्हणते, 'हेच.' बिचारीला वाटतं बरोबर म्हटलं. वळून बारकीकडे बघून हसते सुद्धा. तो काठीवाला बारकीला विचारतो, 'तू हिच्या शेजारच्या मशीनवर ना? सांग, ही आपल्यातली आहे का?' आणि पान संपतं. दोनशे एकेचाळीस. मी तिथे तो कागद घातला आणि पुस्तक मिटलं. तीन दिवस उघडलं नाही.

आता जे लिहितेय ते तुझ्या आजोबांना सुद्धा माहीत नव्हतं. मी इस्पितळाच्या धुण्याच्या खोलीत कामाला होते हे तू जाणतेसच, पण तिथली जोडीदारीण तुला माहीत नाही. चादरीची घडी घालायला दोन बाया लागतात. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन, झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे जायचं. दिवसाला तीनशे चादरी. अकरा वर्षं मी त्या एकाच बाईकडे चालत गेले आणि मागे आले. तिला मी जोडी म्हणायचे, ती मला जोडी म्हणायची. दोघींना अक्षरओळख नाही, चादरीवरचे वॉर्डाचे आकडे आम्ही चित्रांवरून ओळखायचो. चार म्हणजे रिबिनीची गाठ, सात म्हणजे छत्रीची मूठ. 'ए जोडी, छत्रीवाल्यांच्या दहा कमी आहेत!' असं आमचं चालायचं. ती फार हसवायची. नवीन नर्स चालायची कशी ते चादर अंगाला गुंडाळून करून दाखवायची, आणि वाफेत आम्ही दोघी धापा टाकत हसायचो. ती त्यांच्यातली होती. मला माहीत होतं, पण ते तिच्या उंचीसारखं माहीत होतं, कधी लक्षात यायचं नाही.

मग त्या साली असंच शहरात काहीतरी झालं. एका दुपारी हजेरीबाबू कागद आणि शाईचा डबा घेऊन आला. तुला मी कायम काय सांगितलंय? की आजीला एकदा फसवून अंगठा घेतला होता म्हणून आजीने वाचायला शिकायचं ठरवलं. हेच सांगत आले ना मी? ते अर्धं खरं आहे. तो सगळ्या बायांचे अंगठे घेत घेत आला. आमच्या दोघींच्या मध्ये चादर ताणलेली होती. त्याने कागद माझ्यापुढे धरला, तिच्यापुढे धरलाच नाही, आणि तेव्हाच मला कळलं. काय लिहिलंय ते नाही कळलं, पण कशाबद्दल आहे ते कळलं. आणि तो म्हणाला, खारूताई, तो मला म्हणाला, 'वाचून दाखवू का, बाई?' चांगला माणूस असेल. मी म्हटलं, 'नको, वाचून काय करायचंय, कुठे करू सांगा.' आणि हसले. माझी दोन टोकं मी टेबलावर ठेवली आणि अंगठा केला. ती पलीकडे आपली दोन टोकं धरून उभी होती. मी परत टोकं उचलली, तिच्याकडे चालत गेले, टोकाला टोक लावलं, तर माझ्या अंगठ्याचा निळा ठसा पांढऱ्या चादरीवर. तिने बघितला. म्हणाली, 'डाग पडला गं.' मी म्हटलं, 'सोड्याने जाईल.' एवढंच आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सहा बायांना फाटकातून आत घेतलं नाही. 'यांच्याबरोबर आम्ही काम करणार नाही' असं सगळ्या बायांनी लिहून दिलं होतं म्हणे. सगळ्या बायांनी, म्हणजे मी. अंगठा मी सोड्याने एवढा घासला की कातडी सोलली. पुढे बऱ्याच वर्षांनी ती मला बसच्या थांब्यावर दिसली, मी बसमध्ये होते, खिडकीशी. तिनेही बघितलं. बस उभी होती, उतरता आलं असतं. नाही उतरले. आणि बेचाळीस वर्षं जो कुणी विचारेल त्याला, आणि कुणी विचारलं नाही तर स्वतःला, एकच सांगत आले, मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

काल दुपारी धीर करून पुस्तकाचं पान उलटलं. बारकी काठीवाल्याला खोटं सांगत नाही आणि खरंही सांगत नाही. ती आपल्या ओल्या पायांकडे बघते. बस. तांबडीला ओढत नेतात आणि बारकी पायांकडे बघत आत जाते, मशीन सुरू करते. अजून साठेक पानं आहेत. ती मी वाचली नाहीत. त्यात काय असणार ते मला पाठ आहे. पुस्तक बाजूला ठेवलं आणि मग तो कागद उघडला. चांगला खिडकीत धरला, बोट ठेवलं, आणि अंदाज न करता वाचला. खाली नावं होती, घराघरातल्या मोठ्या माणसांची, प्रत्येकासमोर सही. आपल्या घराची चार नावं. तुझे बाबा, तुझी आई, माझी रिकामी जागा, आणि तुझं नाव. तुझ्या नावासमोर सही. पण ती तुझी नाही. तुझ्या आडनावातला 'ळ' तू झोपलेल्या मांजरासारखा काढतेस, शेपूट पोटाशी घेऊन. त्या 'ळ'वर तर मी शिकले, माझ्या दहा बोटांना तो ठाऊक आहे. हा 'ळ' तुझ्या बाबांचा होता, दोन घाईघाईचे वेटोळे.

मी तुझ्या बाबांना विचारलं. चिडून विचारलं, पोरीचं नाव कुणाला विचारून घातलंस? तर तो म्हणाला, 'तिला विचारूनच घातलं, आई. फोन केला होता. इमारतीचा एक कागद आहे, सही हवीय, वाचून दाखवू का म्हटलं, तर म्हणाली, नको बाबा, वाचून काय करायचंय, तुम्हीच करून टाका, मी कामात आहे.' हे ऐकलं आणि मी खाली बसले. शाईच्या डब्याची भीती वाटली होती, गच्चीवाल्यांची वाटली होती, जिन्यातल्या पावलांची वाटली होती, ती सगळी मिळून एवढी नव्हती. वाचून काय करायचंय. ते माझं वाक्य आहे गं. अक्षरं तू मला दिलीस, आणि मी तुला नेमकं तेच वाक्य कसं दिलं? तुला काहीच माहीत नव्हतं, मला ठाऊक आहे. कामात होतीस. मीसुद्धा कामात होते, हातात चादर होती.

म्हणून हे पत्र. कागदावर जे आहे ते मी खाली जसंच्या तसं उतरवलंय, दोन तास लागले, ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू बघून घे. 'आम्ही खाली सह्या करणारे सर्व रहिवासी असे कळवतो की तळमजल्यावरील चष्म्यांचे दुकान व त्यामागील खोलीत राहणारे कुटुंब यांच्यामुळे इमारतीच्या शांततेस धोका निर्माण झाला आहे. तरी सदर कुटुंबाने महिनाअखेर जागा रिकामी करावी, अशी आम्हा सर्वांची एकमताने मागणी आहे. हे आम्ही स्वतः वाचून, समजून व आपखुशीने लिहून देत आहोत.' बघितलंस? दगड कुणी मारला ते त्यात नाही. 'त्यांच्यातला' हा शब्द पण कुठेच नाही, मी बोट ठेवून दोनदा शोधला. तो ओठांत नाही, श्वासात आहे. रविवारी संध्याकाळी मी हा कागद जिन्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे, खालच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असा, आणि सही न करता परत देणार आहे. आवाज कापेल, अडखळेन, तरी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचेन. पुढे काय होईल मला माहीत नाही, तुझे बाबा माझ्याशी बोलतील की नाही तेही माहीत नाही. पण तुझ्या नावासमोरची सही मला खोडता येत नाही. ती ठेवायची तर ठेव, खोडायची तर इथे येऊन तुझ्या हाताने खोड. आता तू वाचलंयस. यापुढे कुणी विचारलं तर वाचलं नव्हतं असं तुला म्हणता येणार नाही. एवढं एक वाक्य मी तुझ्याकडून काढून घेतलं, त्याबद्दल मला माफ कर. आणि खालची सही नीट बघ, जन्मात पहिल्यांदा एखाद्या कागदाखाली करतेय.

तुझ्याच अक्षरांवर शिकलेली, तुझीच,
आजी